टाकीवरची लाल रेघ

दुष्काळात एसटीत कुणाच्या मांडीवर झाकलेली बादली दिसली, की सगळ्या गाडीचे डोळे तिकडेच! औशाला चढलेली सौदामिनी नेमकी त्या बादलीशेजारीच बसली.

"पाणी हाय का त्यात?" तिनं विचारलंच.

"हाय… पण पिऊ नका. समुद्राचं हाय." त्या तरुणानं फडकं उचललं. तळाच्या चिखलातून एक तांबूस किडा डोकावला अन् लगेच बिळात पळाला.

"अगं बाई, लई लाजतो की!"

"शेजारी कोण बसलंय ते पाहिलं असंल," तो म्हणाला. तो भुजंग, मूळ देगलूरचा, रत्नागिरीहून येत होता.

जिल्हा नवा, कचेऱ्यांच्या पाट्या नव्या. नळ मात्र कोरडे. अशा लातुरात, सौदामिनी काम करायची त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत, भुजंग समुद्राचे किडे जगवणार होता. पंधरा दिवस जगले तर त्याचं संशोधन इथंच, नाहीतर परत रत्नागिरी. त्याच्या तिथल्या सरांनी तसं बजावलंच होतं. तेव्हापासून सौदामिनी रोज आल्या आल्या आधी काचेच्या टाकीत डोकावायची. किड्यांसाठीच, असं ती स्वतःला सांगायची.

बाराव्या दिवशी आई आजारी म्हणून भुजंग देगलूरला गेला. "लक्ष ठेवा," म्हणाला… पण पाहत होता तिच्याकडेच.

दुसऱ्या दिवशी उन्हानं टाकीतलं पाणी भुजंगनं काचेवर मारलेल्या लाल रेघेच्या खाली गेलं. सौदामिनीनं घरून आणलेला पिण्याच्या पाण्याचा तांब्या रेघेपर्यंत ओतला. मग किड्यांवरचं पुस्तक उघडलं, तर त्यात लिहिलेलं — हे किडे गोड्या पाण्यात मरतात!

दोन दिवस तिला घास गेला नाही. दर घटकेला टाकीशी जायची, पण चिखल हलायचं नाव घेईना.

भुजंग आला तशी तिला रडूच फुटलं. "मी मारले हो तुमचे किडे…"

त्यानं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "बरोबर हाय की! ऊन नुसतं पाणी नेतं, मीठ मागंच राहतं. रेघेपर्यंत गोडंच भरायचं असतं… माझंच सांगायचं राहिलं." त्यानं खाऊचा कण टाकला. तांबूस डोकं अलगद वर आलं.

"पण एवढं पाणी आणलं कुठून?" त्यानं विचारलं.

"माझ्या तांब्यातलं."

"आन् तुम्ही काय प्यालात? किड्यांसाठी एवढं?"

"किड्यांसाठी कशाला! ते मेले असते तर तुम्ही गेला असता…" बोलून गेली, अन् कानापर्यंत लाल झाली.

भुजंगनं पिशवीतून फिरकीच्या झाकणाचा भरलेला तांब्या काढून तिच्यापुढं धरला.

"आधी पाणी प्या. मी कुठं जात न्हाई."