हिरव्या पट्टीचा पंखा

परदेशी जाणारी माणसं मला अगदी शेवटच्या आठवड्यात बोलावतात. व्हिसा लागलेला असतो, तिकीट आलेलं असतं, सोफा शेजाऱ्यांना कबूल झालेला असतो, आणि मग घरातल्या कोणाला तरी मिक्सर आठवतो. डोंबिवली पूर्वेला माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पंखे, मिक्सर, इस्त्र्या. पण हल्ली इकडच्या प्रत्येक इमारतीतून कोणी ना कोणी कॅनडा नाहीतर ऑस्ट्रेलिया गाठायला लागलंय, तसा हा एक जोडधंदा मला चिकटला. मी घरी जातो, प्रत्येक वस्तू उलटी करतो आणि मागचं लेबल वाचतो. शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट लिहिलेलं असेल तर हिरवी चिकटपट्टी, म्हणजे जाईल. नुसतं दोनशे तीस असेल तर लाल, म्हणजे राहील. कॅनडातली वीज एकशे वीसची. आपला मिक्सर तिथे नुसता कण्हतो. हे सांगितलं की बायका माझ्याकडे अशा बघतात की तिथली वीज मीच कमी केली.

लुर्दस आंटींचा फोन फेब्रुवारीत आला. ठाकुर्लीला, रेल्वे लाइनीपासून दोन गल्ल्या आत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. नवरा ग्रेगरी रेल्वेत, कल्याणच्या इंजिनांच्या लोको शेडमध्ये कामाला होता, दोन वर्षांपूर्वी गेला. मी त्याला चांगला ओळखायचो. दुकानात यायचा, दाराजवळ बसायचा आणि मलाच माझा धंदा शिकवायचा. "ग्रीस कमी लावतोस तू सुधीर," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मला राग यायचा, कारण बहुतेक वेळा त्याचं बरोबर असायचं.

मुलगा ब्रँडन कॅनडात. त्याने इथलं घर विकायला लावलं होतं. गुरुवारचं विमान होतं, आणि मी गेलो तो सोमवार. दुपारचे साडेतीन झाले असतील. घरात डांबरगोळ्यांचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास होता. पडद्यांमुळे उजेड पिवळसर, आणि बाहेरचे आवाज सगळे लांबून आल्यासारखे. पलंगावर दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या. अर्ध्या तासात माझं काम आटोपलं. फोनचे चार्जर हिरवे. मिक्सर लाल, इस्त्री लाल, फ्रिजचा तर प्रश्नच नव्हता.

"आता हा," आंटी म्हणाल्या.

कोपऱ्यातल्या टेबलावर जुना टेबलफॅन होता. लोखंडी, जड, आकाशी रंग जागोजागी उडालेला. मी लेबल वाचलं आणि लाल पट्टीला हात घातला. त्यांनी माझा हात धरला.

"लाल नको लावूस रे."

"आंटी, तिथे बर्फ पडतो. पंखा कशाला पाहिजे तुम्हाला?"

"बस तू. चार वाजू देत."

बरोबर चारला त्यांनी बटण दाबलं. पंखा मान हलवत फिरायला लागला, स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत. खिडकीशी एक वेताची खुर्ची होती, रिकामी, पाठीवर नॅपकिन टाकलेला. पंखा खुर्चीपाशी आला आणि थांबला. पाती फिरत होती, मान तेवढी थांबली होती. नॅपकिनची कड हळूहळू हलत होती. मी मनात दहापर्यंत मोजलं. मग पंखा पुढे सरकला. परत येताना पुन्हा तिथेच थांबला.

"फर्स्ट शिफ्ट करून चारला यायचा," आंटी म्हणाल्या. दूधवाला किती वाजता येतो हे सांगावं इतक्या साधेपणाने. "संध्याकाळची रोजरीची प्रार्थना संपेपर्यंत उठायचा नाही. अजून तसंच आहे. सातला रोजरी संपली की पंखा थांबत नाही बघ मग. झोपायला जातो तो."

मी विचारलं, "ब्रँडनला माहितेय?"

"त्याला सांगितलं तर मला डॉक्टरकडे नेईल तो." त्या खुर्चीकडेच बघत होत्या. "पंखा आला तर मी जाणार, सुधीर. नाहीतर ग्रेगरीला इथे एकटं टाकून मी कुठे जाऊ? नवीन लोक येणार घरात. त्यांना तो कोण?"

मला गलबलून आलं. म्हटलं, छोटा ट्रान्सफॉर्मर लावला की तिथल्या विजेवर पंखा चालेल, थोडा जोरात फिरेल एवढंच. उद्या आणून देतो. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पन्नाशीच्या माणसाच्या डोक्यावरून असा हात फारसा कोणी फिरवत नाही.

मंगळवारी दुपारी गेलो तेव्हा आंटी कबरीवर मेणबत्त्या लावायला निघाल्या होत्या. मला घरात सोडून गेल्या. मी पिन बदलली, ट्रान्सफॉर्मर जोडून पाहिला, पंख्याच्या बुडाला हिरवी पट्टी लावली. काम झालं होतं. उठायला हवं होतं. पण पंख्यात खोट आहे हे कळल्यावर ती तशीच सोडून जाणं माझ्याच्याने कधी होत नाही. मान अडकते म्हणजे मागच्या गिअरचा दात झिजलेला, हे कालच माझ्या डोक्यात बसलं होतं. आत्मा वगैरे आंटींपुरतं ठीक. मी मेकॅनिक माणूस. मागचं झाकण उघडलं. आतला नायलॉनचा गिअर जुना होऊन पिवळा पडला होता, त्याला काळं ग्रीस. पिशवीत त्याच मापाचा नवा पांढरा होता, तो बसवला. पंखा लोण्यासारखा फिरायला लागला. पिवळा गिअर फडक्याने पुसून मी खिशात टाकला. अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

चारच्या आत आंटी आल्या. बटण दाबून उभ्या राहिल्या. पंखा दारापासून खिडकीपर्यंत गेला आणि खिडकीपासून परत आला. कुठेही थांबला नाही. त्यांनी खुर्ची थोडी सरकवली. पुन्हा वाट पाहिली.

"सुधीर... काय केलंस तू?"

"गिअर झिजला होता आंटी. नवा टाकला. आता अडकणार नाही."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पलंगावर बसल्या आणि बॅगेतल्या साड्या एकेक करून बाहेर काढायला लागल्या. "ब्रँडनला सांगते, मी नाही येत." मी म्हटलं, घर विकलंय आंटी, राहणार कुठे? त्या साड्या काढतच राहिल्या. मी चिडून बाहेर पडलो. दुरुस्ती केली तर हे असं, म्हातारपणी माणसं वेडी होतात, असं स्वतःशी पुटपुटत दुकानात आलो.

पाच वाजले असतील. गिऱ्हाइकांचे तीन पंखे तपासायचे होते. मी नेहमीसारखे तिन्ही एकदम चालू केले आणि इस्त्री उघडून बसलो. थोड्या वेळाने वाऱ्याचा आवाज बदलल्यासारखा वाटला. मान वर केली. एक पंखा दाराकडे तोंड करून थांबला होता. मग दुसरा थांबला. मग तिसरा. तिघांचीही तोंडं दाराकडे, आणि दारात कोणी नव्हतं. बाहेर भाजीवाली कोणाशी तरी हुज्जत घालत होती, पण तिचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. दुकानात एक वास आला. माझ्या ग्रीसचा नाही. लोको शेडमधल्या काळ्या ग्रीसचा, ग्रेगरीच्या शर्टाला कायम यायचा तो.

खिशातला गिअर काढून दिव्याखाली धरला. एकेक दात भिंगातून तपासला. सगळे दात शाबूत होते. गिअरला काहीही झालेलं नव्हतं.

मी दाराकडे बघून हळूच म्हटलं, "अंकल...?"

पंखे तसेच थांबलेले.

"चुकलो मी. चला... घरी सोडतो तुम्हाला."

शटर ओढलं आणि शेअर रिक्षाच्या स्टँडवर गेलो. मी एका कडेला बसलो, एक कॉलेजची मुलगी दुसऱ्या कडेला. मधली जागा रिकामी. इथल्या रिक्षा मागे तीन भरल्याशिवाय हलत नाहीत, तुम्ही उशिराची शंभर कारणं सांगा. पण रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि म्हणाला, "तीन झाले, चला." जोशी हायस्कूलच्या पुढे मुलगी बारला चिकटून अंग चोरत म्हणाली, "अंकल, थोडं सरकता का?" मी तर माझ्या बाजूच्या बारला चिकटून बसलो होतो. आमच्या दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा होती. ती माझ्याकडे बघत नव्हतीच.

आंटींनी दार उघडलं तेव्हा मी काही समजावलं नाही. सरळ पंख्यापाशी गेलो. आंटींनी टॉर्च धरला. पांढरा गिअर काढून खिशात टाकला आणि पिवळा त्याच्या जागी बसवला. या माझ्या हातांनी बसवला. बटण दाबलं. पंखा दारापासून निघाला, हळूहळू खिडकीकडे गेला, खुर्चीपाशी आला आणि थांबला.

आंटींनी श्वास सोडला. मग डोळे पुसत हसल्या. "दुकान दाखवायला नेलं होतंस काय रे त्याला?" त्यांनी रोजरीची माळ घेतली आणि जमिनीवर बसल्या. मीही मागे टेकून बसून राहिलो. प्रार्थना मला येत नाही, पण तो एक तास मला फार बरं वाटलं. संधिप्रकाशात नॅपकिन हलत होता, मणी सरकत होते. सातला पंखा सरळ फिरायला लागला.

गुरुवारी आंटी गेल्या. पंखा साड्यांमध्ये गुंडाळलेला, ट्रान्सफॉर्मर हातातल्या पिशवीत.

तीन आठवड्यांनी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. माझी सकाळ होती, त्यांची रात्र. मागे नवी खुर्ची, खिडकीबाहेर बर्फ, आणि आपला आकाशी पंखा, थोडा जोरात फिरणारा. खुर्चीपाशी येऊन तो थांबला.

"बघितलंस? आला तो." आंटींचा चेहरा उजळला होता. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "फक्त इथे येऊन सवयी बदलल्या रे त्याच्या. चारला येत नाही. रात्री येतो, सगळे झोपले की. आणि मी रोजरी धरली की पंखा थांबतच नाही. रुसलाय का काय..."

"हवामान बदललं ना, आंटी."

"तेच म्हणते मी. आणि खुर्ची पण खिडकीशी नको असते त्याला. रोज सकाळी थोडी सरकलेली असते. माझ्या पलंगाकडे."

फोन ठेवला आणि मी कामाला लागलो. एका गिऱ्हाइकाच्या पंख्याला गिअर हवा होता. त्या मंगळवारी रात्री दुकानात परतून खिशातला पांढरा गिअर मी न बघता डबीत टाकला होता, तोच लावू म्हटलं. डबी उघडली. आत एकच गिअर होता. पिवळा. कडेला काळं ग्रीस.

मी बराच वेळ तो हातात धरून बसलो. अंधारात माझ्याकडून अदलाबदल झाली असेल का? टॉर्च होता. आंटी बघत होत्या. आणि झालीही असेल, तरी मग तिकडे पंखा कोणासाठी थांबतो?

त्या दुपारी मी मुद्दाम दोन पंखे चालू करून ठेवले. चारला दोन्ही दाराकडे तोंड करून थांबले. सातपर्यंत थांबत राहिले. तेव्हापासून दाराजवळ एक स्टूल ठेवलंय, त्यावर नॅपकिन टाकलाय. गिऱ्हाइकाला तिथे बसू देत नाही. ग्रेगरीची मला भीती वाटत नाही. चार दिवसांत सवय झाली, आणि मी ग्रीसही जास्त लावायला लागलो.

पण आंटींना हे कसं सांगायचं? ज्याच्यासाठी घर सोडायला तयार नव्हत्या तो इथे माझ्या दाराशी बसलाय, हे कोणत्या तोंडाने सांगू? काल संध्याकाळी राहवलं नाही. फोन लावला. त्यांची सकाळ होती, आवाज दमलेला होता.

"आंटी, एक ऐका माझं. रात्री तो पंखा बंद ठेवत जा. नुसतं बटण नाही, ट्रान्सफॉर्मरची पिनच काढून ठेवा."

त्या अगदी हळू, शेजारी कोणी झोपलेलं असावं तशा म्हणाल्या, "काढूनच ठेवते रे... आठवडा झाला. ब्रँडन म्हणाला, ट्रान्सफॉर्मर गरम होतो. पिन माझ्या उशीखाली असते."

"मग?"

"तरी फिरतो ना तो... आणि खुर्चीपाशी येऊन थांबतो. आता खुर्ची पलंगाला लागलीय."

इतक्यात मागे वाऱ्याचा आवाज बदलला. वळून पाहिलं तर दाराकडे तोंड करून थांबलेले दोन्ही पंखे एकदम फिरायला लागले होते, सरळ, कुठेही न थांबता. स्टुलावरचा नॅपकिन खाली पडला होता. मी घड्याळ पाहिलं. पावणेसहाच वाजले होते.