बेडकाच्या नळीतला पाहुणा

प्रिंटर शोधत आकडेतज्ज्ञ चुकून नमुन्यांच्या खोलीत शिरला, आणि बेडकांवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीनं मान वर न करताच त्याला बाहेरची वाट दाखवली. प्रिंटर शेजारच्याच खोलीत होता. तरी त्यानंतर प्रिंटर त्याला वरचेवर सापडेनासा झाला. तीही दर वेळी रागवायची — पण दाराला आतून कडी लावायचं काही तिला सुचलं नाही.

प्रबंध संपत आला आणि माशी शिंकली. बाकीची जनुकं बेडकांची एकच वंशावळ सांगत होती. एक मात्र तिच्या लाडक्या, जुन्या वाळक्या बेडकाला थेट माणसाशेजारी बसवत होतं. मार्गदर्शक बाईंनी प्रबंध अडवून ठेवला. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे सगळ्यांचे पूर्वज एक, हेच खोटं?" तिनं आकडेतज्ज्ञाला विचारलं.

"तुमचं नाक कुणासारखं?"

"मामासारखं."

"आणि डोळे?"

"आत्याचे."

"म्हणून तुम्ही परक्या घरच्या ठरता का? वंशवृक्षाच्या जवळच्या फांद्यांत जनुकांचं आपसांत थोडंफार वाजतंच. सगळी मिळून घराणं एकच दाखवतात." मग तिच्या निकालाचा कागद पाहून तो थबकला. "पण हे भांडण घरातलं नाही... नमुन्याच्या नळीत कुणीतरी बाहेरचं शिरलंय."

अशा शंकेसाठीच संस्थेत प्रत्येकाच्या लाळेतली जनुकं तपासून ठेवलेली असत. तिनं ते आगंतुक जनुक आधी स्वतःच्या जनुकांशी ताडून पाहिलं, मग बाईंच्या, शेवटी त्याच्या. त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळलं.

"मास्क न लावता माझ्या नळ्यांवर वाकून काय बघत होता?"

तो कानापर्यंत लाल झाला. "नळ्या नव्हतो बघत," तो म्हणाला. "आणि प्रिंटर कुठे आहे, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

तिनं त्याला बाहेरची वाट दाखवली. मग कडी लावून बेडकाचा नमुना पुन्हा काढला. या खेपेला बेडूक निमूटपणे आपल्या गोतात जाऊन बसला, आणि बाईंनी प्रबंधावर सही केली. इकडे आकडेतज्ज्ञाचं मात्र कशात लक्ष लागेना. आपण होऊन पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्याला वाटत होतं.

तो खरोखरच प्रिंटरपाशी उभा असताना ती आली. तिनं त्याच्या हातात एक नवा मास्क ठेवला.

"उद्यापासून हा लावून या," ती म्हणाली. "मलाही तुम्ही आवडता... पण बेडकात नको."