ब्लँकेटांखालचा वास

"गोळ्या आल्याच नाहीत म्हणे!" मिरची गोदामातून फणफणत बाहेर आली.

पूर ओसरला होता. मिरचीची आई पूरग्रस्तांच्या शिबिरात नर्स होती आणि धाकटा भाऊ तिच्यापाशीच होता. तिथे पाणी उकळायला सरपण नव्हतं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या नव्हत्या. गढूळ पाणी पिऊन पोरगं कालपासून उलट्या करत होतं. सुट्टीला मावशीकडे आलेली मिरची आणि मावसभाऊ ढब्बू रोज मदतीच्या गोदामात खोकी उचलत होते.

गोदामप्रमुखाला खोक्यांपेक्षा स्वतःच्या केसांची काळजी जास्त. आत काय आहे हे न बघता, कोणी दिलं त्यावरून त्याने माल रचला होता. प्रत्येक दात्याचा वेगळा ढीग, त्यावर त्याच्या नावाचा फलक. पाहुणे येऊन फोटो काढेपर्यंत ढिगाला हात लावायचा नाही! बाहेर ट्रक रिकामा आणि आत मालाचा डोंगर. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण हा शहाणा कुठे होता?

दोघं पुन्हा आत शिरली. ढब्बूने एका दात्याच्या ब्लँकेटांच्या ढिगाला नाक लावलं. "मिरचे, इथे पोहण्याच्या तलावासारखा वास येतोय."

मिरचीनेही हुंगलं. क्लोरीन! ब्लँकेटांना कसला आलाय क्लोरीनचा वास? हा तर पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांचा वास! म्हणजे गोळ्या त्याच दात्याने दिल्या होत्या आणि ढिगाच्या तळाशी दबल्या होत्या.

तिने प्रमुखाला सांगून पाहिलं.

"पाहुणे येईपर्यंत एक ब्लँकेट हलणार नाही. चालते व्हा, आगाऊ कार्टी!"

मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असा राग तिला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. पण भांडून गोळ्या थोड्याच मिळणार होत्या? तिने आवाजात साखर घोळवली.

"बरोबर आहे साहेब. फक्त इथे अंधार आहे, फोटोत तुमचा चेहरा दिसायचा नाही. बाहेर ऊन छान पडलंय."

प्रमुखाने केसांवरून हात फिरवला आणि लगेच हमालांना बोलावलं. ढीग बाहेर हलला. तळाची खोकी उघडी पडताच ढब्बू आणि ट्रकवाले काका कुणाला न विचारता ती गाडीत चढवू लागले.

तेवढ्यात पाहुण्या बाई आल्या. ढब्बूने त्यांना सगळं सांगून टाकलं. बाईंनी प्रमुखाला सर्वांदेखत फैलावर घेतलं आणि मुलांची पाठ थोपटली.

"शाबास! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत."

"शेवटी आमचीच मुलं!" म्हणत प्रमुख कॅमेऱ्यासमोर मिरचीशेजारी येऊन उभा राहिला.

मिरची सरळ ट्रकमध्ये जाऊन बसली. "माझा भाऊ अजून तेच पाणी पितोय," ती प्रमुखाकडे बघत म्हणाली. "काका, गाडी काढा."