बघायचं तर सकाळी या

"मूठ आवळा."

मी आवळली.

"आवळा हो, घट्ट! शीर दिसायला पाहिजे ना."

"आवळलीय."

"ही?" सुई हातात धरून तो तरुण माझ्या मुठीकडे बघत राहिला. बोटं तळहाताला टेकतच नव्हती. आत लिंबू धरावं तशी पोकळी राहिली होती. "ताई, घाबरू नका. मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस्स. जरा जोर लावा की."

"तेवढा जोर असता," मी हळूच म्हणाले, "तर अहमदपूरहून पहाटेची एसटी धरून इथं कशाला आले असते?"

त्याने टेबलावरचा कागद ओढून वाचला आणि त्याचे कान लाल झाले. "चुकलं माझं. न वाचताच बोललो." मग त्याने माझी बोटं उघडीच ठेवली, दंडाला रबर बांधलं आणि इतक्या हलक्या हाताने रक्त काढलं, की मुंगीसुद्धा चावली नाही.

विरूपाक्षशी माझी पहिली भेट ही अशी झाली.

शहाऐंशी सालचा माघ होता. लातूर जिल्हा होऊन चार वर्षंही झाली नव्हती. तपासणीच्या कागदांवर अजून 'जि. उस्मानाबाद' छापलेलं असायचं आणि विरूपाक्ष ते खोडून शाईने 'लातूर' लिहायचे. पाऊस दोन वर्षं नीट पडला नव्हता. आमच्या गल्लीत टँकर चौथ्या दिवशी यायचा. बायका घागरी घेऊन धावायच्या आणि मी, बावीस वर्षांची, दारात उभी राहून बघायचे. मला एक घागरसुद्धा उचलत नव्हती. गावातल्या डॉक्टरच्या पुड्यांनी वर्षभर हातांचं दुखणं थांबायचं नि पुन्हा उठायचं. चेहरा तेवढा भाकरीसारखा फुगला होता.

म्हणून अप्पांनी लातूरला आणलं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सांधेदुखीचे एक डॉक्टर नांदेडहून गंजगोलाईमागच्या एका छोट्या दवाखान्यात येत. त्यांनी माझ्या हाताचा एकेक सांधा दाबून पाहिला. पंजा आडवा धरून हलकेच आवळला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तसा सोडला.

"दोन्ही हातांना सारखंच. शेवटची पेरं मोकळी," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला विचारलं, "सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?"

"नऊ माळा."

"काय?"

अप्पा खाकरले. मी सांगितलं. आमच्यात सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची, मगच तोंडात पाणी घालायचं. माझा तळहात सकाळी चिमणीच्या पायासारखा आखडलेला असतो. त्यावर लिंग कसं ठेवणार? म्हणून तो उघडेपर्यंत मी मांडीवर हात ठेवून 'ॐ नमः शिवाय' म्हणत बसते. नववी माळ संपते तेव्हा उघडतो.

डॉक्टरसाहेब हसले नाहीत. "बाकी सगळे मला 'लई वेळ' एवढंच सांगतात. तुम्ही पहिल्याच मोजून आलात. एक माळ किती मिनिटांची?"

"ते कधी बघितलं न्हाई."

"विरूपाक्ष बघेल." मग ते अप्पांकडे वळले. "हा आमवात आहे. म्हातारपणीचा नव्हे, तरुण बायकांना धरणारा. पुड्यांत स्टिरॉइड असणार, एकदम तोडायच्या नाहीत, मी सांगतो तशा कमी करायच्या. दुखण्यावर अ‍ॅस्पिरिन, खाल्ल्यावरच, सकाळी उठल्या उठल्या पहिली…"

"पूजेआधी मी काही खात न्हाई," मी म्हणाले.

"पण गोळीशिवाय हात उघडणार नाही."

"हात उघडल्याशिवाय पूजा होत न्हाई."

"देवाला कळतं की, बाई!"

"देवाला कळतं डॉक्टरसाहेब. पण नेम माझा हाय."

अप्पांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरसाहेबांनी मात्र चिठ्ठीवरचं खोडलं. रात्रीचं जेवण उशिरा करायचं, त्यावर गोळी घ्यायची, म्हणजे पहाटेपर्यंत पुरेल. उठल्यावर हात कोमट पाण्यात धरायचे. आणि आजाराच्या मुळावर काम करणारी एक वेगळी गोळी रोज घ्यायची. ती तीन महिन्यांनी गुण दाखवते, तोवर धीर सोडायचा नाही. त्या गोळीसाठी अधूनमधून डोळेही तपासून घ्यायचे.

अशी मी तपासणीच्या खोलीत आले होते.

रक्त एका लांब काचेच्या नळीत उभं करून विरूपाक्षनी घड्याळ लावलं. "तासाभरात लाल रक्त जेवढं खाली बसंल, तेवढी आत सूज. तोवर थांबावं लागतंय." अप्पा पेठेत गेले. बाकावर मी आणि दारात ते. "आता माळ म्हणा. मी वेळ बघतो."

मी डोळे मिटले. एकशे आठ झाल्यावर उघडले, तर ते घड्याळाकडे बघत नव्हते.

"किती झाली?"

"अं? …आठ मिनिटं."

"नक्की?"

"आणखी एकदा म्हणून बघता का? मोजणीत चूक नको."

मी पदर सारखा करून खिडकीकडे बघितलं. हसू येत होतं ते त्यांना दिसू नये म्हणून… पण काचेत दिसलंच असणार.

तासाने त्यांनी आकडा वाचला. ब्याण्णव. वीसच्या आत हवा होता.

पुढच्या महिन्यात अठ्ठ्याऐंशी निघाला आणि मी खचले. घरी अव्वा, माझी आई, टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी माझ्या हातांसाठी कोमट करून द्यायची, मग त्याच पाण्यात भांडी विसळायची. एवढं करून चारच आकड्यांचा फरक!

"ही गोळी सावकाश चढती," नळ्या पुसत विरूपाक्ष म्हणाले. "तीन महिने द्या की तिला."

"आणि न्हाई चढली तर?"

"तर दुसरी हाय. आपण कुठं पळून चाललोय?"

आपण… परतीच्या एसटीत तो शब्द सोबत होता.

वैशाखात आकडा चौसष्टवर आला. माळा सहा झाल्या. मग पाच. एका गुरुवारी मी स्वतःच वेणी घालून गेले, तर ते दारातच म्हणाले, "आज वेणी वेगळीच हाय."

"वाकडी झालीय?"

"लई वाकडी." मग हळूच म्हणाले, "तशीच राहू द्या."

"तुम्ही सगळ्याच पेशंटांच्या वेण्या तपासता?"

"न्हाई हो. बाकीचे बहुतेक टकले असतात."

मी पदर तोंडाला लावून हसले. मला ताई म्हणणं त्यांनी कधी सोडलं, ते मला नेमकं आठवतं. सांगणार मात्र नाही.

आषाढात उदगीरचं स्थळ आलं. रत्नम्मामावशीने आणलं, आणि बेतही तिनेच केला. "चारला बोलवा त्यांना. दुपारी चारला हिचे हात कसे लोण्यावानी असतात! ट्रे उचलंल, नाव सांगंल, झालं."

"आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी?" मी विचारलं.

"तवाचं तवा बघू की गं."

"सकाळ रोजच होती, मावशी."

"बघा, जीभ बघा हिची! हात आखडले, जीभ न्हाई आखडली."

मी आवाज चढवला नाही. मला तो चढवता येतच नाही. एवढंच म्हणाले, "बघायचं तर सकाळी सातला या म्हणावं. न्हाईतर मी पाटावर बसणार न्हाई."

अव्वा रडली. उदगीरकरांनी विचारलं, सकाळीच कशाला, काय भानगड हाय? अप्पांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, आणि मग त्यांनी खरं ते कळवलं. त्यानंतर तिकडून निरोप आला नाही. बाजारात मात्र बायका माझ्या तोंडाआधी माझ्या हातांकडे बघू लागल्या.

"आता कोण आपला उंबरा चढंल, पोरी?" अप्पा म्हणाले.

"कुणी न्हाई चढलं तर न्हाई, अप्पा. फसवून मी कुणाचा उंबरा ओलांडणार न्हाई."

बोलताना मी घट्ट होते. पण त्या गुरुवारी बाकावर बसले ती दाराकडे पाठ करून. विरूपाक्ष आकडा घेऊन जवळजवळ पळतच आले. "चौतीस! चौतीस झाला, बघा!… अहो, हसा की. काय झालं?"

मी सांगितलं. उदगीर, चार वाजता, सात वाजता, सगळं. ते बराच वेळ एकच नळी पुसत राहिले.

"म्हणजे… सकाळी सातची वेळ रिकामी हाय?"

"रिकामीच हाय."

"मग मी येतो."

मी हात मांडीवर ठेवून सरळ बसले. "दया दाखवायला?"

"दया यायची असती तर पहिल्याच दिवशी आली असती. त्या दिवशी तुम्ही असं झापलंत मला, की दिवसभर राग धुमसत होता. दुसऱ्या दिवशी बघतो तर राग गेलेला… आणि तुम्ही काही गेला न्हाईत."

"हा आजार मुळातून जात न्हाई. दबतो, परत उठतो. पुढं… मूलबाळ व्हायच्या वेळी गोळ्या बदलाव्या लागतील. तवा काय होईल, डॉक्टरसाहेबबी सांगत न्हाईत."

"सहा महिने तुमचं रक्त कोण बघतंय? तुमचा आकडा मला पाठ हाय."

"तुमच्या आईला न्हाई ना. त्यांना सगळं सांगा. कागद दाखवा. मगच या."

"आणि आई न्हाई म्हणाली तर?"

"तर येऊ नका."

त्यांनी नळी खाली ठेवली. मग पहिल्यांदाच नाव घेतलं, "शिवकांता… आई न्हाई म्हणाली तर मी तिला रोज समजावीन. एक महिना, दोन महिने, तीन. त्या गोळीवाणी. सावकाश चढीन."

श्रावणातल्या एका सकाळी ते आईला घेऊन आले. शिरूर अनंतपाळहून आदल्या दिवशीच निघून गावात नातेवाइकांकडे उतरले होते, आणि साताला पाच कमी असताना आमच्या दारात उभे होते.

नेमकी तीच सकाळ वाईट निघाली. तीन माळांवर आलेला हात पाचव्या माळेलाही उघडेना.

"त्यांना जरा बोलण्यात गुंतवते," अव्वा कुजबुजली. "तू शेक घे तोवर."

"न्हाई अव्वा. जसे हायेत तसे दिसू दे."

मी रिकाम्या हातांनी बाहेर गेले आणि पाटावर बसले. हात पदराखाली घेतले नाहीत. आतून रत्नम्मामावशी ट्रेकडे बोट दाखवून खाणाखुणा करत होती.

"मावशी, ट्रे मला उचलणार न्हाई," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

अप्पा जमिनीकडे बघू लागले. विरूपाक्षच्या आई, शरणम्मा, माझ्या बोटांकडे बघत होत्या. "लई दुखतंय?"

"सकाळी दुखतं."

"हं." त्या 'हं'मध्ये काय होतं, ते मला कळेना.

तेवढ्यात विरूपाक्ष उठले आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. आत कप वाजले. अव्वाचा आवाज आला, "अहो… अहो जावई…" आणि जीभ चावल्यासारखा तुटला. मग ते दोन्ही हातांनी ट्रे धरून बाहेर आले. निम्मा चहा बशांमध्ये होता.

"अगं बाई!" शरणम्मा म्हणाल्या. "घरी कधी पाण्याचा पेला हलवला न्हाई ह्यानं! सव्वीस वर्षं वाट बघितली मी ह्या दिवसाची."

अप्पासुद्धा हसले. शरणम्मांनी बशीतला चहा प्यायला आणि माझ्याकडे वळल्या. "पोरी, तीन दिवस हा कागद घेऊन माझ्यामागं फिरला. चौथ्या दिवशी मी म्हटलं, बाबा, आता तूच दवाखाना झालास, बस कर. आम्हाला काय विचारायचं न्हाई. तुला काय विचारायचं असंल ते विचार."

असं कुणी मला म्हणेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी विरूपाक्षकडे बघितलं. ते खुर्चीत ताठ बसले.

"नाव?"

"विरूपाक्ष ईश्वरप्पा."

"स्वयंपाक येतो?"

"पिठलं येतं… गुठळ्या राहतात."

"भाकरी?"

"थापताना फाटती. शिकीन."

"टँकर आला तर?"

"एका वेळी दोन घागरी."

"आता चालून दाखवायला लावतीस का काय त्याला!" मावशी आतून ओरडली.

मी थांबले. शेवटचं विचारायचं होतं, ते सगळ्यांत अवघड होतं. "लोक विचारतील, तुमच्या बायकोच्या हाताला काय झालंय. काय सांगाल?"

"आमवात म्हणून सांगीन," ते म्हणाले. थट्टा गेली होती आवाजातली. "नाव हाय त्याला, औषध हाय. लपवायचं काय?"

अप्पांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि सवयीने म्हणाले, "बरं… तर मग विचार करून कळवतो आम्ही."

"कळवायचं कशाला, अप्पा?" मी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू होता. पण ओट्यावर बसलेल्या शेजारणींनासुद्धा तो ऐकू गेला, असं मागाहून कळलं. "मला मुलगा पसंत हाय."

विरूपाक्षनी मान खाली घातली, ती वर काढेनात. शेवटी शरणम्मांनी त्यांना कोपराने ढोसलं.

"अरे, वर बघ की! पोरगी व्हय म्हणतीय!"

त्यांनी वर बघितलं.