जरा लक्ष असू द्या

छत्रीवाल्याला मंडईत जागा मिळाली ती खांबाजवळची, आणि तीही फुकट. त्याला जरा संशयच आला. जन्मात त्याला फुकट मिळालं होतं ते फक्त ऊन. कुणाच्या पायरीवर बसावं तर मालक हाकलायचा, रस्त्याच्या कडेला बसावं तर शिट्टीवाला. इथे मात्र मासेवालीनं कमरेवर हात ठेवून सांगितलं, "बसा भाऊ, खुशाल बसा. आमच्या मावशीची जागा ती. पालेभाजी विकायची. गेली बिचारी."

"मग तुम्ही कुणी कशी नाही घेतली?"

"आमच्यानं नाही व्हायचं. तिथं बसलं की लोकांचं सामान सांभाळावं लागतं. तेवढं करा, जागा तुमची. नाही जमलं, तर उठायचं."

बाई थट्टा करतेय, असं त्याला वाटलं. पण मंडई म्हणजे साऱ्या शहराचं अंगण. साहेबही तिथे, हमालही तिथे, आणि दोघांचे हात भरलेले. जो तो खांबापाशी यायचा, पिशवी टेकवायचा आणि म्हणायचा, "जरा लक्ष असू द्या हं, आलोच!" कुणी भोपळा ठेवला, कुणी शिवणयंत्राचं चाक. एका जावयानं तर चक्क सासरे आणून बसवले.

"अहो, मी छत्र्या शिवायला बसलोय! हे काय सामानघर आहे?"

"बसू द्या हो," सासरेच म्हणाले, "घरात तरी कोण बोलतंय माझ्याशी?"

छत्रीवाला मनातून कातावला. कुणी पिशवी टेकवली की मान फिरवू लागला. पण मान फिरवली की सुईतला दोरा निसटायचा. कोथिंबिरीचा ओला, हिरवा वास यायचा. भाजीवाले तर पार पलीकडच्या टोकाला. आणि कानामागे कुणीतरी हळूच 'च्‌च्‌' करायचं. मागे बघावं, तर नुसता खांब.

एकदा दिवेलागणीला एक आजी आली. कडेवर नात, नुकती पाय टाकायला लागलेली. तिला तिनं पोत्यावर बसवलं. "भाऊ, चिमीकडे जरा लक्ष असू द्या. वांगी घेऊन आलेच."

त्यानं वर न बघताच "हूं" केलं. एका छत्रीची काडी जागेवर बसत नव्हती, सगळा जीव तिच्यात.

तेवढ्यात दिवे गेले.

पत्र्याखालची मंडई एकदम काळीठिक्कर झाली. हाका, हसणं, टोपल्यांची खडखड. दाराशी हातगाड्या आत शिरत होत्या, त्यांची चाकं फरशीवर गडगडत होती. छत्रीवाल्यानं हात लांब केला. पोतं लागलं. पोत्यावर एवढीशी चप्पल लागली. पोर नाही.

"चिमे... ए चिमे..."

तो गुडघ्यांवर रांगत सुटला. खांबाच्या पुढे चाचपलं, मागे चाचपलं. गार फरशी, बाकी काही नाही. गाड्यांची चाकं जवळ येत होती. जागा गेली तर गेली, पण पोर...

कोथिंबिरीचा वास दाटून आला. इतका, की श्वास अडला. आणि अगदी जमिनीलगत कुणीतरी सावकाश बोललं.

"ओरडू नको रे... आत्ताच डोळा लागलाय तिचा..."

"कोण... कोण आहे?"

"तू आपलं शिव..."

दिवे आले.

खांबामागे, छत्रीच्या काळ्या कापडात गुरफटून पोर गाढ झोपली होती. तिथेच त्यानं आत्ता हात फिरवला होता. तिच्या मुठीत पुदिन्याची काडी होती, पाणी निथळणारी.

आजी वांगी घेऊन आली. "त्रास नाही ना दिला?" पोर कडेवर टाकून गेलीसुद्धा. काडी खाली पडली, ती मासेवालीनं उचलली, हुंगली आणि हसली.

"मावशी सगळ्या पोरांना द्यायची ही. तुम्ही असे पांढरेफटक का पडलात? ती एकटी किती ठिकाणी पुरी पडणार? म्हणून तर तुम्हाला बसवलं."

त्या दिवसापासून छत्रीवाल्याची मान फिरली नाही. भोपळे आले, सासरे आले, पोरं आली, तो सगळ्यांना "ठेवा, ठेवा" म्हणू लागला. थांबलेली माणसं एकमेकांशी बोलायला लागली. खांबापाशी हशा पिकायला लागला. वासाचीही त्याला सवय झाली.

मग एकदा त्यालाच चहाची तलफ आली. उठला आणि खांबाला म्हणाला, "मावशी, जरा लक्ष असू द्या. आलोच."

चहावाला बोलका. एकाचे दोन कप झाले, गप्पा लांबल्या. परत येऊन बघतो, तर एक गिऱ्हाईक मोडकी छत्री मांडीवर घेऊन, अंग चोरून बसलेलं.

"तुम्हीच का छत्रीवाले? बरं झालं आलात. त्या बाईंनी बसवून ठेवलं मला. म्हणाल्या, 'येईलच तो.'"

"हो... म्हणाल्या असतील."

"मी सहज म्हटलं, नाहीच आले तर? तर त्या गुडघ्यावर हात देत उठल्या..." गिऱ्हाइकानं खांबाकडे बघितलं. "म्हणाल्या, 'तर मग मी जाऊन घेऊन येते त्याला.'"

छत्रीवाला अजून तिथेच बसतो, मजेत असतो. चहा मात्र जागेवरच मागवतो. दोन कप. चहावाला सांगतो, दोन्ही रिकामे परत येतात.