डावीकडे बघ

ती पडली तेव्हा अख्खी इमारत हलली. खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारा राहायचा, त्याच्या भिंतीवरची बंद घड्याळं त्या धक्क्यानं सगळी चालू झाली. बरं, सगळी नसतील. एक तर नक्की झालं.

पडली ती माझी नात. एका पायावर झाडासारखं उभं राहायचं आसन, पहिलाच दिवस, आणि झाड सरळ आडवं. ती उठून केस सारखे करतेय तोच बेल वाजली.

दारात तो. एका डोळ्याला भिंग तसंच अडकवलेलं, हातात चिमटा, चिमट्यात काहीच नाही.

“वर काय पडलं?”

“मी.”

“लागलं का?”

“नाही.”

“पुन्हा पडणार आहात?”

“सांगता येत नाही... नवीन आहे मी यात.”

त्याच्या चिमट्यातला तिळाएवढा स्क्रू कुठंतरी उडाला होता. दुसरा कोणी भांडला असता. यानं जरा विचार केला आणि म्हणाला, पडायच्या आधी स्वयंपाकघरातल्या पाइपवर चमच्यानं ठोका द्या, मी हातातलं खाली ठेवतो. झालं की पुन्हा द्या, मी उचलतो. नात हसली. पण हसताना तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. तो तिच्या डाव्या हाताला उभा होता ना.

तीच तर खरी गोष्ट. माझी नात टॉवर क्रेन चालवते. साइटवर तिला घार म्हणतात. वर केबिनमध्ये बसून उजवीकडे वाकून हूक बघता बघता तिची मान आखडली, डावीकडे वळायचंच नाव घेईना. डॉक्टरनं सांगितलं होतं, हाड ठणठणीत आहे, हळूहळू मोकळी करा. पण कंपनीची तपासणी तोंडावर आली होती. तिथं खुर्चीत बसवतात आणि म्हणतात, उजवीकडे बघा, डावीकडे बघा. नाही वळली तर केबिन गेली, मग गेटवर बसून पासवर शिक्के मारायचे. घारीला खुराड्यात घातल्यासारखं.

त्यात साइटचा मुकादम आमच्या समोरच्याच दारात राहायचा. त्याला वास लागला असता तर तपासणीची गरजच उरली नसती. म्हणून तिनं आजी आजारी आहे सांगून रजा घेतली आणि घरातच, दार लावून, फोनमधल्या बाईकडून योग शिकायला बसली. समोरचं दार करकरलं की खोकायचं काम माझ्याकडे. मी असं खोकायचे, की एकदा मुकादमाची बायको जिन्यात डोळे पुसत होती.

पाइपवर ठोके सुरू झाले. वरून एक, मग धप्प, मग एक. थोड्या दिवसांनी खालूनही यायला लागला – टक... म्हणजे, लागलं नाही ना? हिचा वरून – टक. नाही. मग धप्प व्हायचं बंद झालं तरी टकटक काही थांबेना. मी आपली भाजी निवडत बसायचे, कानात जीव आणून.

जिन्यात भेटले की दोघं सावकाश उतरायचे. ही कठड्याला धरून, तो भिंतीकडून. भिंत डावीकडे. तो काहीबाही बोलून हिला हसवायचा, ही हसायची, उत्तरं द्यायची, आणि नजर सरळ समोर. अंगासकट वळावं तर मुकादमाचं दार उघडं. कपाट सरकवल्यासारखी वळणारी बाई त्याला लगेच कळली असती.

एकदा त्यानं मलाच गाठलं. म्हणाला, आजी, त्या माझ्याशी बोलतात, पण बघत नाहीत. मानेचं कोणाला सांगणार नाही, या वचनाला मी बांधलेली. सांगितलं दडपून, की आमच्या घराण्यातल्या मुली आवडत्या माणसाकडे बघतच नाहीत. माझ्या आत्यानं लग्नानंतर सात वर्षं नवऱ्याकडे बघितलं नव्हतं, आठव्या वर्षी बघितलं तर दुसराच निघाला. तो हसला. पण अर्धवट.

आणि मग त्याला जागा सांगून आली. गावाच्या पार त्या टोकाला दुकान, वर कोणी राहत नाही, स्क्रू उडायची भीती नाही. जिन्यात त्यानं नातीला सांगितलं.

“मालक उत्तर मागतायत. तुम्ही म्हणाल तर... नाही म्हणून सांगतो.”

मुकादम दारात बूट घालत होता. मी आतून खोकत होते. तिला वळून त्याच्याकडे बघायचं होतं, एवढंच, आणि तेवढंच जमेना. ती समोर बघून म्हणाली, “जागा चांगली असेल तर... बघा तुम्ही.”

तो खाली गेला. त्या संध्याकाळी हिनं पाइपवर ठोका दिला. खालून काही नाही. पुन्हा दिला. काही नाही. मग ही हट्टानं सतरंजीवर बसली, पाय मुडपून कमरेतून वळायचं अवघड आसन घेतलं, डोळ्यांत पाणी, आणि तोल जाऊन शेजारचं स्टूल घेऊन कोसळली. न ठोकता.

तो जिना कसा चढला कोण जाणे. मी दार उघडेपर्यंत आत होता. ही जमिनीवर, पायांची गाठ, तोंड भिंतीकडे.

“आता तरी बघा माझ्याकडे,” तो म्हणाला.

“वळत नाही.”

“काय वळत नाही?”

“मान...” एवढ्या हळू म्हणाली, की मला ओठांवरून कळलं.

समोरचं दार करकरलं. मी खोकायला तोंड उघडलं, पण त्यानं आधीच आमचं दार लोटून घेतलं होतं. तिनं सगळं सांगितलं – केबिन, तपासणी, जिना. मग त्याची नजर फोनवर गेली. उजवीकडच्या फळीवर, चार्जरला लटकलेला.

“तुम्ही एवढे दिवस तिकडेच बघून करताय हे सगळं?”

“वायर तिथंच पुरते.”

बाई सांगायची मान डावीकडे, आणि ही बाईला बघायला मान ठेवायची उजवीकडे. मी रोज समोर बसलेली असायचे, माझ्याही डोक्यात आलं नाही.

त्यानं फोन काढला आणि तिच्या डाव्या हाताला मांडी घालून बसला, फोन छातीशी धरून. दुसऱ्या दिवशीही आला. रोज थोडा मागे सरकून बसायचा.

“जमेल तेवढंच वळा. किती दिसतोय?”

“कान.”

“आज?”

“कान आणि... मिशीचं टोक.”

“आवडलं का टोक?”

“बाईंचं ऐकू द्या.”

तपासणीचा आणि दुकानाच्या मालकाला उत्तर द्यायचा दिवस एकच निघाला. आदल्या संध्याकाळी तिला तो पुरता दिसला नव्हता, एक डोळा राहिलाच होता. दुकानाचं त्यानंही विचारलं नाही, तिनंही काढलं नाही.

सकाळी ती गेली. मी खिडकीत. दुपार कलली तरी पत्ता नाही. आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली, चमचा उचलला आणि पाइपवर एक ठोका दिला.

खाली त्यानं हातातलं ठेवलं असणार. वाट बघितली असणार. धप्प काही होईना. मग पावलं, दोन दोन पायऱ्या एकदम.

“आवाज आला नाही,” तो दारात धापा टाकत म्हणाला. “मला वाटलं...”

ती त्याच्याकडे उजवा खांदा करून उभी होती. मग पायानं फिरली, तो डाव्या हाताला येईपर्यंत. आणि तिथून, खांदा न हलवता, सावकाश मान वळवली. कान, मिशी, एक डोळा... दुसरा डोळा.

“डॉक्टर म्हणाले, डावीकडे बघताना हसताय कशाला? मी म्हटलं, तिथं कोणीतरी बसलेलं असतं.”

भिंग डोळ्यालाच होतं, ते काढायचंही सुचलं नाही त्याला.

“केबिन राहिली,” ती म्हणाली. “तू पण राहा.”

मागे मुकादमाचं दार सताड उघडं होतं. मी जोरात खोकले, निव्वळ सवयीनं. खाली घड्याळांचे ठोके पडायला लागले, सगळ्यांचे एकदम. बरं, एकाचे.