न विकलेली तिकिटं

"खिडकीतून मी मावते. तुम्ही दोघं बाहेर थांबा," असं म्हणत खारूटी बंद स्टेशनच्या तिकीटखिडकीतून आत सरकलीसुद्धा.

ताई आणि खारूटी या बहिणी सुट्टीत आजोळी आल्या होत्या. सोबत मामेभाऊ होता. त्याला हळू बोलताच येत नसे, म्हणून तो भोंगा. गावात येणारी गाडी बंद होऊन वीस वर्षं झाली होती आणि आता दोन दिवसांत स्टेशन पाडणार होते. गावात जो तो एकच सांगे, की स्टेशनमास्तरांनी 'प्रवासीच नाहीत' असं वर कळवलं आणि गाडी घालवली. मास्तर सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांची मुलगी शिवणकाम करायची, पण गावातलं कुणी तिच्याकडे साधं बटण लावायलाही जात नसे.

खारूटीने आतून कडी काढली. कपाटात तिकिटांचे गठ्ठे होते, दोराही न सोडलेले. खाली मास्तरांच्या पत्राची नक्कल होती. ताईने वाचली, "रोज शंभरेक माणसं चढतात. तिकीट चारपाच जणच काढतात. कृपया गाडी बंद करू नये. मी लोकांना समजावतो आहे."

"म्हणजे सगळे फुकटे?" भोंगा ओरडला.

"हळू बोल. आधी खात्री करू."

जेवताना ताईने सहज विचारलं, "आजोबा, इथलं तिकीट कोणत्या रंगाचं होतं?"

"पांढरं."

"पिवळं असावं," मामा म्हणाला.

ताईने गठ्ठ्यातलं हिरवं तिकीट आणि ते पत्र आजोबांच्या ताटाशेजारी ठेवलं. वाचता वाचता त्यांचा घास हातातच राहिला.

"मास्तर फलाटावर हात जोडून उभा राहायचा," ते म्हणाले. "'तिकीट काढा, नाहीतर गाडी जाईल.' आम्ही हसायचो. ओळखीचा माणूस, तो कुठे पकडणार? मग गाडी गेली आणि खापर त्याच्याच डोक्यावर फोडलं."

"मग त्यांच्या मुलीला, त्या शिवणवाल्या मावशींना, सांगा ना तसं," खारूटी म्हणाली.

संध्याकाळी आजोबा पत्र घेऊन शिवणवाल्या मावशींच्या दारात गेले. मुलं मागे होती. मावशींनी मशीन थांबवून पत्र दोनदा वाचलं.

"बाबा हेच सांगायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझी समजूत घालतायत."

"पोरांनी शोधून काढलं. हुशार आहेत," आजोबा म्हणाले. "आम्हाला शोधायचं काही नव्हतंच. आम्हाला ठाऊक होतं."

मावशींनी तिघांच्याही पाठीवरून हात फिरवला. आजोबांना मात्र त्या 'बसा' म्हणाल्या नाहीत. ते उभेच राहिले.